सेव्हर्नकाठचे मैदान

पुराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा मृतांची संख्या, पडलेली घरे, वाहून गेलेली गुरे आणि सरकारने दिलेली मदत यांची नोंद करतो. ती आवश्यकच आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतर गावाला पुन्हा गावपण कसे येते, विखुरलेली माणसे पुन्हा कोठे एकत्र जमतात, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. प्रार्थनामंदिर, शाळा, बाजार आणि खेळाचे मैदान ही ती ठिकाणे होत. त्यांपैकी मैदान हे सर्वांत सखल जागी असते आणि म्हणून पाण्याखाली आधी जाते व पाण्याबाहेर सर्वांत उशिरा येते. अशाच एका मैदानाची हकिगत आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. हे मैदान इंग्लंडमधील वूस्टर या शहरी, सेव्हर्न नदीच्या पश्चिम तीरावर आहे. क्रिकेटच्या चाहत्यांना ते 'न्यू रोड' या नावाने परिचित आहे. नदी आणि माणूस यांच्यातील सुमारे सव्वाशे वर्षांचा एक करार तेथे आजवर पाळला गेला. तो करार आता मोडू पाहत आहे. म्हणून ही हकिगत केवळ खेळाची राहत नाही.

नदी आणि नगर

सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी. वेल्समधील प्लिनलिमनच्या डोंगरात ती उगम पावते आणि श्रूजबरी, ब्युडली, वूस्टर, ट्यूक्सबरी, ग्लॉस्टर अशी गावे मागे टाकीत सुमारे ३५४ किलोमीटरांचा प्रवास करून ब्रिस्टलच्या खाडीला मिळते. वूस्टरच्या थोडे दक्षिणेला तिला टीम नावाची उपनदी येऊन मिळते. वेल्सच्या डोंगरांत पडलेला पाऊस सेव्हर्नमधून वूस्टरला पोहोचायला दोन-तीन दिवस घेतो. त्यामुळे हिवाळ्यातील पूर हा अचानक येणारा शत्रू नसून निरोप पाठवून येणारा पाहुणा असतो. मात्र टीम नदी त्याच वेळी भरून आली, तर सेव्हर्नच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि ते शहराच्या अंगाला तुंबते.

या दोन नद्यांच्या संगमाजवळच्या पॉविक येथे ३ सप्टेंबर १६५१ रोजी क्रॉमवेलच्या सैन्याने दुसऱ्या चार्ल्सच्या सैन्याशी झुंज दिली आणि इंग्लंडमधील यादवी युद्धाचा शेवट झाला. याच संगमावर आपली रक्षा विसर्जित व्हावी, अशी इच्छा एका थोर संगीतकाराने व्यक्त केली होती. सर एडवर्ड एल्गार हे ते संगीतकार. वूस्टरजवळच्या ब्रॉडहीथ गावी १८५७ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे शहरात वाद्यांचे दुकान होते आणि सेंट जॉर्ज या कॅथलिक चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. एडवर्डनेही पुढे तेथे ती सेवा केली. कार्डिनल न्यूमन यांच्या काव्यावर त्यांनी १९०० साली रचलेली 'ड्रीम ऑफ जेरोन्शियस' ही संगीतरचना कॅथलिक श्रद्धेचा एक महान आविष्कार मानली जाते. १९३४ साली ते निवर्तले. त्यांची संगमाची इच्छा पुरी झाली नाही. लिटल मॉल्व्हर्न येथील सेंट वुल्स्टन या कॅथलिक चर्चच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. तरीही ज्या नदीने दरवर्षी शहराला त्रास द्यावा, तिच्याच कुशीत शेवटी जावे असे तेथल्या माणसाला वाटते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नदीकाठच्या माणसांचे नदीशी असलेले नाते असेच दुहेरी असते.

मठाचे कुरण

ज्या संत वुल्स्टनच्या नावाचे ते चर्च आहे, त्यांनीच १०८४ साली वूस्टरच्या विद्यमान कॅथीड्रलच्या बांधकामास आरंभ केला. वुल्स्टन हे वूस्टरचे बिशप होते. ब्रिस्टल बंदरातून चालणाऱ्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी आवाज उठविला होता. १२०३ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. इंग्लंडचा राजा जॉन याने आपली कबर याच कॅथीड्रलमध्ये असावी असे ठरविले आणि १२१६ साली तो तेथे पुरला गेला. कॅथीड्रलला लागून बेनेडिक्ट संघाच्या संन्याशांचा मठ होता. आठव्या हेन्रीच्या आमदानीत, १५४० साली, तो बरखास्त झाला आणि कॅथीड्रल व त्याच्या जमिनी अँग्लिकन डीन व धर्मगुरूंच्या मंडळाकडे गेल्या.

आता कॅथीड्रलची जागा पाहावी. नदीच्या पूर्व तीरावर, पाण्यापासून चांगल्या उंचीवर ते उभे आहे. मठवासीयांनी प्रार्थनेसाठी उंच जागा निवडली आणि समोरच्या तीरावरची सखल जमीन कुरण म्हणून मोकळी राहिली. हिवाळ्यात तिच्यावर पाणी पसरावे, उन्हाळ्यात तिच्यावर गवत वाढावे, असा तो जुना शिरस्ता होता. पुराच्या पाण्याबरोबर येणारा गाळ जमिनीचा कस वाढवीत असे. नदीला पसरायला जागा मिळे आणि शहरातील वस्ती त्या प्रमाणात सुरक्षित राहत असे. कॅथीड्रलच्या नदीकडील दरवाजाला 'वॉटरगेट' म्हणतात. त्याच्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्यांत १७७० आणि १९४७ या सालांच्या खुणा पाहणाऱ्याच्या डोक्याच्या वर जातात. पूर विसरला जाऊ नये म्हणून त्याची उंची दगडावर कोरून ठेवण्याची ही रीत आपणही उचलावी अशी आहे.

गंजींच्या जागी खेळपट्टी

वूस्टरशायर काउंटी क्रिकेट क्लबची स्थापना १८६५ साली झाली. पहिली काही वर्षे क्लबचे सामने शहराच्या एका बाजूस असलेल्या बाउटन पार्क येथे होत. पॉल फोली नावाचे एक धनिक, लोखंडाच्या धंद्यात नाव कमावलेल्या घराण्यातील गृहस्थ क्लबचे मानद सचिव होते. त्यांच्या पुढाकाराने १८९६ साली क्लबने कॅथीड्रलच्या मालकीचे हे कुरण भाडेपट्ट्याने घेतले. त्या वेळी ते शेतच होते. त्यात गवताच्या गंजी उभ्या होत्या. फ्रेड हंट या माळ्याने ती जमीन सपाट करून तिचे मैदान केले आणि पुढे कित्येक वर्षे तिची निगा राखली. हंट हा स्वतः शेतकरी व खेळाडूही होता. पुराची जमीन कशी हाताळावी हे त्याला शिकवावे लागले नाही.

मे १८९९ मध्ये या मैदानावर पहिला प्रथम दर्जाचा सामना झाला. बलाढ्य यॉर्कशायरकडून वूस्टरशायरचा अवघ्या ११ धावांनी पराभव झाला. त्या काळी या संघात एका धर्मगुरूचे मुलगे खेळत. मॉल्व्हर्न कॉलेजात शिकविणाऱ्या रेव्हरंड हेन्री फॉस्टर यांचे सातही मुलगे वेगवेगळ्या काळी वूस्टरशायरसाठी खेळले. लोक गमतीने या काउंटीला 'फॉस्टरशायर' म्हणू लागले. त्यांपैकी आर. ई. फॉस्टर याने डिसेंबर १९०३ मध्ये सिडनी येथे आपल्या पहिल्याच कसोटीत २८७ धावा काढल्या. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत इंग्लंडचे नेतृत्व करणारा तो एकमेव खेळाडू होय.

पुढे इंग्लंडच्या दौऱ्यावर येणाऱ्या परदेशी संघांचा पहिला सामना वूस्टरला व्हावा, असा प्रघात पडला. नदीकाठचे हिरवे मैदान आणि त्यामागे कॅथीड्रलचा मनोरा हे दृश्य अनेकांच्या आठवणीत राहिले. डॉन ब्रॅडमनने येथे १९३० साली २३६, १९३४ साली २०६ आणि १९३८ साली २५८ धावा केल्या. १९४८ साली तो १०७ धावांवर बाद झाला आणि त्याच्या द्विशतकांची परंपरा खंडित झाली.

आपल्याकडील खेळाडूंचाही या मैदानाशी जवळचा संबंध आहे. थोरले पतौडी, म्हणजे नबाब इफ्तिकार अली खान, हे १९३२ पासून काही वर्षे वूस्टरशायरकडून खेळले. १९४६ साली ते भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले, तेव्हा दौऱ्याचा पहिलाच सामना त्यांच्या जुन्या मैदानावर झाला आणि भारत केवळ १६ धावांनी हरला. त्या दौऱ्यावरील संघात सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले विजय हजारे होते. पुढे कपिल देव १९८४ व १९८५ साली, तर श्रीरामपूरचा झहीर खान २००६ साली या संघाकडून खेळला. झहीरने त्या एका हंगामात काउंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. भारतीय संघातील स्थान गमावलेल्या या गोलंदाजाला तेथे नवा सूर सापडला. त्यानंतर एका वर्षाने तेच मैदान पाण्याखाली होते.

गवताचा हिवाळा

या मैदानावर पूर येणे ही काही अपूर्व घटना नव्हे. हिवाळ्यात ते वारंवार पाण्याखाली जाते. ज्या ठिकाणी फलंदाज उभा राहतो त्या ठिकाणी हंस पोहत असल्याची छायाचित्रे इंग्रजी वृत्तपत्रांतून अनेकदा प्रसिद्ध झाली आहेत. १९४६-४७ च्या हिवाळ्यात इंग्लंडभर प्रचंड बर्फ साचले. मार्चमध्ये ते एकाएकी वितळले, त्यावर पाऊस कोसळला आणि गोठलेल्या जमिनीत मुरू न शकलेले सारे पाणी नद्यांत उतरले. वूस्टरमध्ये विसाव्या शतकातील सर्वांत मोठा पूर तो हाच. मैदान त्यात बुडाले. शहराच्या सखल भागातील घरांत पाणी शिरले. महायुद्धाने आधीच मेटाकुटीस आलेल्या, शिधापत्रिकेवर दिवस काढणाऱ्या जनतेवर हा दुसरा घाला होता. तरीही त्या वर्षीचा क्रिकेटचा हंगाम पार पडला आणि पुढच्याच वर्षी ब्रॅडमन त्याच गवतावर आपल्या शतकाकडे वाटचाल करीत होता.

हे कसे शक्य झाले? याचे उत्तर गवताच्या स्वभावात आहे. थंडीच्या दिवसांत इंग्लंडमधील गवत जवळजवळ निद्रिस्त असते. त्याला हवा फारशी लागत नाही, म्हणून काही दिवस पाण्याखाली राहूनही ते मरत नाही. पाणी उतरल्यावर खरा धोका असतो तो गाळाचा. हा बारीक चिकट गाळ वाळला की त्याचा पापुद्रा होतो आणि खालच्या मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून तो ओला असतानाच पाण्याचे फवारे मारून आणि रबरी फाळाच्या काठ्यांनी ओढून काढावा लागतो. खेळपट्टी चिकणमातीची असते. तिच्यावर परक्या मातीचा थर राहिला तर पुढे ती एकजीव होत नाही आणि चेंडूची उसळी बिघडते. पाण्याबरोबर गटारातील घाणही येते. तिचा बंदोबस्त केल्याखेरीज तेथे कोणाला पाऊल ठेवू देणे धोक्याचे असते. ही सारी कामे माळी आणि क्लबचे हितचिंतक मिळून दर हिवाळ्यानंतर निमूटपणे करीत आले. मार्चमध्ये साफसफाई, एप्रिलमध्ये रोलर आणि मेमध्ये सामना, असे ते ऋतुचक्र बसून गेले होते.

उन्हाळ्यात मात्र गवत वाढीला लागलेले असते. त्याला हवा हवी असते. त्या दिवसांत ते कोमट, साचलेल्या पाण्याखाली राहिले तर कुजते. आणि नेमके तेच पुढे घडले.

परक्याला घर देणारा क्लब

त्या घटनेकडे वळण्यापूर्वी या क्लबचे समाजातील स्थान सांगणे आवश्यक वाटते. वूस्टर हे फार मोठे शहर नाही. काउंटी क्लब हा तेथे सभासदांच्या मालकीचा असतो. निवृत्त शिक्षक, शेतकरी, दुकानदार असे लोक वर्गणी भरून त्याचे सभासद होतात आणि उन्हाळ्याचे दिवस तेथे घालवितात. या मैदानावर 'लेडीज पॅव्हेलियन' नावाची एक इमारत आहे; तेथील चहा व घरगुती केक यांची ख्याती इंग्लंडभर आहे. अशा ठिकाणी खेळाइतकेच गाठीभेटींना महत्त्व असते.

अशा या क्लबने १९६४ साली एका परक्या माणसाला जवळ केले. बेसिल डॉलिव्हेरा हे त्याचे नाव. त्याच्या आडनावाची ठेवण आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे एका कॅथलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याच्या कातडीचा रंग गोऱ्या राज्यकर्त्यांना चालण्यासारखा नव्हता. वर्णद्वेषी कायद्यांमुळे त्याला स्वतःच्या देशाकडून खेळता येईना. समालोचक जॉन आर्लट यांना त्याने पत्रे लिहिली. त्यांच्या खटपटीने आणि केप टाउनमधील बांधवांनी गोळा केलेल्या पैशांवर तो १९६० साली लँकेशायरमधील मिडलटन क्लबसाठी खेळायला आला. तेथून तो वूस्टरला आला. वूस्टरशायरने १९६४ साली काउंटी अजिंक्यपद प्रथमच जिंकले होते. १९६५ साली ते पुन्हा जिंकले, त्यात डॉलिव्हेराचा मोठा वाटा होता.

१९६६ साली तो इंग्लंडकडून खेळू लागला. ऑगस्ट १९६८ मध्ये ओव्हल येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्याला वगळण्यात आले. देशभर खळबळ उडाली. टॉम कार्टराइट याने दुखापतीमुळे माघार घेतली, तेव्हा डॉलिव्हेराची निवड झाली. पण तेथील पंतप्रधान फोर्स्टर यांनी त्याला स्वीकारण्यास नकार दिला आणि दौराच रद्द झाला. त्यानंतर लवकरच दक्षिण आफ्रिका कसोटी क्रिकेटमधून बाहेर फेकली गेली आणि १९९२ पर्यंत परतली नाही. या सर्व वादळात डॉलिव्हेराने आपला तोल ढळू दिला नाही. पुढे तो वूस्टरशायरचा प्रशिक्षक झाला. त्याच्या कारकिर्दीत संघाने १९८८ व १९८९ साली अजिंक्यपद मिळविले. मुलगा डेमियन आणि नातू ब्रेट हेही याच संघाकडून खेळले, ब्रेट तर कर्णधारही झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये वूस्टर येथेच बेसिलचे निधन झाले. मैदानातील एका प्रेक्षागृहाला त्याचे नाव आहे. ज्याला मातृभूमीत मैदान मिळाले नाही, त्याला या पुराच्या कुरणात ते मिळाले. अशा जागेची किंमत निव्वळ जमिनीच्या भावाने करता येत नाही.

२००७ चा उन्हाळा

२००७ साली मे ते जुलै हे तीन महिने इंग्लंडमध्ये विलक्षण पावसाचे गेले. जूनच्या अखेरीस सेव्हर्न फुगली आणि ऐन हंगामात न्यू रोडवर पाणी आले. ते उतरते न उतरते तोच २० जुलै रोजी वूस्टरशायर व ग्लॉस्टरशायर भागांत एकाच दिवसात शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. हा आकडा आपल्या वाचकांना किरकोळ वाटेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे आपण भोगले आहे. परंतु पूर हा केवळ पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. जमीन आधीच तुडुंब भिजलेली होती, ओढे-नाले भरलेले होते आणि तेथील गटारे अशा माऱ्यासाठी बांधलेलीच नव्हती. वेल्सचे पाणी येण्याची वाट न पाहता आसपासच्या लहान नद्यांनीच थैमान घातले. निरोप पाठवून येणारा पाहुणा या खेपेला न सांगता दारात उभा राहिला.

एम-५ या महामार्गावर हजारो लोक रात्रभर आपापल्या मोटारींत अडकून पडले. सेव्हर्नकाठच्या अप्टन गावासाठी पुराचे हलविता येण्याजोगे अडसर तयार होते. पण ते किडरमिन्स्टरच्या कोठारात होते आणि वाहतूक ठप्प झाल्यामुळे वेळेवर पोहोचूच शकले नाहीत. ट्यूक्सबरीजवळचे मिथ येथील जलशुद्धीकरण केंद्र बुडाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांना काही दिवस, काहींना दोन आठवड्यांहून अधिक काळ, नळाचे पाणी मिळाले नाही. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी ती अवस्था होती. त्या उन्हाळ्यातील पुरांत देशभर सुमारे ५५ हजार घरे व इमारती पाण्याखाली गेल्या आणि १३ माणसे दगावली.

ट्यूक्सबरीचे त्या वेळचे आकाशातून घेतलेले छायाचित्र जगभर गेले. सर्वत्र तपकिरी पाणी आणि मधोमध हिरव्या बेटावर बाराव्या शतकातील ॲबीचे चर्च. हे चर्चही बेनेडिक्ट संन्याशांचे. मठ बरखास्त झाला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते आठव्या हेन्रीकडून विकत घेतले होते. २००७ साली थोडे पाणी आत शिरलेच. १७६० नंतर प्रथमच, असे तेथील लोक सांगतात. तरीही जागा निवडणाऱ्या मठवासीयांचा अंदाज साडेआठशे वर्षांनंतरही फारसा चुकलेला नव्हता. बुडाली ती बरीचशी नंतरची वस्ती.

वूस्टरच्या मैदानावर त्या हंगामात पुढे क्रिकेट होऊ शकले नाही. गवत कुजले, गाळाचा थर बसला. उरलेले घरचे सामने काही रद्द झाले, काही किडरमिन्स्टरच्या मैदानावर हलविण्यात आले. तिकिटांचे, उपाहारगृहाचे, समारंभांचे उत्पन्न बुडाले. लहान क्लबला एका हंगामाचे उत्पन्न गमावणे म्हणजे शेतकऱ्याने पीक गमावण्यासारखेच. सभासदांची नेहमीची खुर्ची, नेहमीचा शेजारी, नेहमीचा चहा हे सारे त्या वर्षी हरवले. घरांत पाणी शिरल्याने ज्यांना हलावे लागले, त्यांतल्या कोणाला दुपारी चार घटका मैदानावर जाऊन बसावे असे वाटले, तरी बसायला मैदान नव्हते.

संघाची कथा मात्र येथे थोडी वेगळी आहे. बेघर झालेल्या या संघाची चार दिवसांच्या काउंटी स्पर्धेत दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. पण त्याच वर्षी चाळीस षटकांच्या 'प्रो-४०' स्पर्धेत त्याने विजेतेपद पटकाविले. कर्णधार होता उदयपूरला जन्मलेला विक्रम सोळंकी. दुसऱ्या वर्षी, २००८ साली, क्रिकेट पुन्हा न्यू रोडवर आले आणि संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत गेला. मैदान सावरले ते माळ्यांच्या चिकाटीने. क्लब सावरला तो सभासदांच्या निष्ठेने.

जावे की राहावे?

सरकारने सर मायकेल पिट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. त्यांच्या २००८ च्या अहवालात ९२ शिफारशी होत्या आणि त्यांतून २०१० चा पूर व जलव्यवस्थापन कायदा जन्माला आला. स्थानिक संस्थांवर जबाबदारी आली, पावसाच्या पाण्याचे नकाशे तयार झाले, अप्टनसारख्या गावांना संरक्षक भिंती मिळाल्या. येथे एक पेच निर्माण होतो. वस्तीला भिंत बांधली की पाण्याला दुसरी जागा द्यावी लागते. ती जागा म्हणजे कुरणे, शेते आणि मैदाने. वूस्टरमध्ये क्रिकेटचे मैदान पुरापासून पूर्णपणे वाचवायचे म्हटले, तर तेवढे पाणी कोणाच्या तरी घरात जाणार. शहर वाचावे म्हणून मैदानाने बुडावे, हा न्याय कठोर असला तरी खोटा नाही. क्लबनेही तो मानला. नव्या इमारती जमिनीपासून उंच उचलून बांधल्या, की पाणी खालून निघून जावे.

वूस्टरच्या नकाशाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. क्रिकेटचे मैदान, पिचक्रॉफ्ट हे अठराव्या शतकापासूनचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, नौकानयन मंडळे, ही सारी खेळाची ठिकाणे नदीकाठच्या सखल पट्ट्यात आहेत. जेथे घर बांधणे शहाणपणाचे नव्हते, तेथे माणसे खेळली. म्हणजे पुरानेच ही मोकळी जागा बिल्डरांपासून राखली. पूर नसता तर कॅथीड्रलसमोरच्या या कुरणावर केव्हाच घरांच्या रांगा उठल्या असत्या आणि वूस्टरला मैदानच राहिले नसते. ज्याने छळले त्यानेच राखले, असा हा व्यवहार आहे.

परंतु कोणत्याही व्यवहाराला मर्यादा असते. १९७६ साली क्लबने हे मैदान कॅथीड्रलकडून विकत घेतले, तेव्हा हिवाळ्यातील एखाददुसरा पूर गृहीत धरलेला होता. त्यानंतर २००७ आले. २०१४ च्या फेब्रुवारीत मोठा पूर आला. २०२० च्या फेब्रुवारीत 'डेनिस' वादळाने पुन्हा शहर वेढले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर मैदान पुन:पुन्हा बुडाले. एका पुराचा गाळ काढावा तोवर दुसरा हजर. २०२४ च्या हंगामाच्या आरंभीचे घरचे सामने किडरमिन्स्टरला हलवावे लागले. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि हिवाळ्यातील पाऊस जोरकस होतो, हे शास्त्रज्ञ बरीच वर्षे सांगत आहेत. माळ्याच्या अनुभवाला ते आता पटू लागले आहे. अखेर क्लबच्या चालकांनीच जाहीरपणे प्रश्न उपस्थित केला : हे मैदान सोडून दुसरीकडे जावे काय?

दोन्ही बाजूंना वजन आहे. जावे म्हणणारे हिशेब दाखवितात. दर वर्षी दुरुस्ती, बुडालेले उत्पन्न, पूरक्षेत्रातील मालमत्तेला विमा मिळण्यातील अडचण, उशिरा सुरू होणारा सराव. क्लबच टिकला नाही तर मैदान कोणासाठी राखायचे, असा त्यांचा सवाल आहे. राहावे म्हणणारे आठवणी दाखवितात. फोलींनी घेतलेले कुरण, फॉस्टर बंधू, ब्रॅडमन, डॉलिव्हेरा आणि नदीपलीकडचे कॅथीड्रल. उंचावर, महामार्गालगत एखादे सोयीस्कर मैदान उभारता येईल. पण त्याला वूस्टर म्हणता येईल काय, असे ते विचारतात. हे भांडण भावना आणि व्यवहार यांचे आहे असे वरवर दिसते. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. मैदानाच्या आठवणींमुळेच सभासद वर्गणी भरतात, गाळ काढायला धावून येतात. म्हणजे भावना हेही क्लबचे भांडवलच आहे. आणि क्लबचे हिशेब न पाहणारी भावना चार-दोन पुरांत वाहून जाईल, हेही खरे.

आम्हांला वाटते, या प्रश्नात तिसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो पक्ष म्हणजे नदी. क्लब राहो वा जावो, ते कुरण नदीचे आहे आणि ते मोकळेच राहिले पाहिजे. क्लब निघून गेला आणि त्या जागी भराव घालून इमारती उठल्या, तर पुढच्या पुराचे पाणी शहरातील घरांच्या उंबरठ्यावर येईल. मग वॉटरगेटच्या भिंतीवर १९४७ च्या वर एक नवी खूण कोरावी लागेल. मैदान हे शहराचे वैभव आहेच. पण त्याहून अधिक ते शहराचा श्वास घेण्याचा अवकाश आहे. खेळाडूंच्या नकळत ते मैदान सव्वाशे वर्षे गावाच्या संरक्षणासाठी उभे आहे. खरे म्हणजे, वेळ येईल तेव्हा आडवे होत आले आहे.

मराठी मुलखातील नदी-खाडीकाठच्या गावांना ही हकिगत दूरची वाटू नये. आपल्याकडेही सखल जमिनी, पाणथळ कुरणे, गावकीची मोकळी मैदाने यांच्याकडे 'रिकामी जागा' म्हणून पाहिले जाते. ज्या जागेवर घर नाही ती वाया गेली, असा हिशेब आपण करतो. वूस्टरच्या मठवासीयांनी तो केला नाही. त्यांनी उंच जागी प्रार्थना केली आणि सखल जागा पाण्यासाठी व गवतासाठी सोडली. नंतरच्या पिढ्यांनी तिच्यावर खेळ मांडला. सहा महिने नदीचे आणि सहा महिने माणसांचे, असे ते वाटप होते. त्या वाटपात माणसाने आपला वाटा वाढवून घेतला नाही, म्हणून त्याला इतकी वर्षे खेळता आले. आता नदीच आपला वाटा वाढवून मागत आहे. तिला तो द्यावा लागेल. तो देतानाही लोकांना एकत्र बसायला चार हात मोकळी जमीन कशी राखायची, एवढाच प्रश्न वूस्टरपुढे शिल्लक आहे, आणि आज ना उद्या तो आपल्याही दारात येणार आहे.